प्रकरण अकरावे : गुरुवार ते रविवार

वहिनीने इस्त्री तापायला लावली आणि रविवारच्या भांडणाला तोंड फुटलं.

दुपारचे साडेबारा वाजले होते. दादाच्या दोन खोल्यांच्या घरात सगळे जमले होते ते आईचं पुढे काय करायचं हे ठरवायला. गुरुवारी इस्पितळातून पित्ताच्या गोळ्या घेऊन परत आलेली आई खिडकीजवळच्या खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. गोळ्यांचं पाकीट निम्मं संपलं होतं, दुखणं मात्र होतं तिथेच होतं. खरं तर होतं तिथेही राहिलं नव्हतं, वर चढलं होतं. आई पाणी पिताना पेला उजव्या हातात धरायची आणि डाव्या हाताने जबडा चेपायची, कुणाचं लक्ष नाहीसं बघून. मधलीचं, दादाच्या पाठच्या बहिणीचं, लक्ष होतं.

मधली त्याच इस्पितळात अकरा वर्षं ईसीजी काढत होती. आलेल्या माणसाला आडवं करायचं, छातीवर थंडगार जेल लावून सहा ठिकाणी सहा वायरी चिकटवायच्या, यंत्रातून सरसरत येणारी कागदाची पट्टी कापायची आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची. घरात तिला 'पट्टीवाली' म्हणत. पट्टी काढायची, वाचायची नाही, हा तिच्या खात्याचा नियम होता. पण अकरा वर्षं रोज एकच पुस्तक हाताळणाऱ्याला त्यातली चार अक्षरं वाचू नकोस म्हटलं तरी डोळे ऐकतात थोडेच.

"उद्या सोमवार. सकाळी नंबर लावू, रीतसर दाखवू," दादा म्हणाला. बाबा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्याचा असायचा. बस डेपोत मेकॅनिक होता तो. कुठलंही इंजिन आधी थंड होऊ द्यावं, मग हात घालावा, या मताचा. "आज रविवार. मोठे डॉक्टर नसतात. शिकाऊ कुणीतरी असेल, तो पुन्हा गोळ्या लिहून देईल आणि वर ऐकवेल की परवाच तर येऊन गेलात."

मामाने मान डोलावली. वहिनीने तर दादाचं बोलणं पुरं व्हायच्या आतच कपाटातून आईचे ठेवणीतले कपडे काढले होते. उद्याची तयारी आज करून ठेवावी, हा तिचा स्वभाव.

"आत्ता जायचं," मधली म्हणाली. "आणि इस्त्री बंद कर, वहिनी."

इस्त्री बंद कर म्हणणं या घरात साधी गोष्ट नव्हती.

नदीपलीकडच्या वस्तीतली माणसं अलीकडच्या शहरात कामाला जात ती कामाच्या कपड्यांत. पण इस्पितळात, कचेरीत, शाळेत जायचं झालं की न्हायचं, केस विंचरायचे, नखं बघायची आणि इस्त्रीचे कपडे घालूनच पूल ओलांडायचा. मधलीच्या आजीला एकदा अंगात ताप घेऊन इस्पितळाच्या पायरीवर उभं असताना 'आधी अंघोळ करून या' असं सांगून परत पाठवलं होतं. त्याला साठ वर्षं होऊन गेली. आजी पुढे बरी झाली, पण ती पायरी घरातल्या प्रत्येकाच्या अंगात उतरून बसली. आपल्याला कुणी घाण म्हणू नये, एवढ्यासाठी तीन पिढ्या कपड्यांच्या घड्या मोडत नव्हत्या. आईने तर तीस वर्षं त्याच इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली होती. डॉक्टरांच्या कोटाची कॉलर कशी ताठ बसवायची हे तिच्याइतकं कुणाला येत नसे, आणि त्यातल्या एकाही कोटाला तिने स्वतःचं दुखणं कधी धडपणे सांगितलं नव्हतं.

गुरुवारीही तेच झालं होतं. दुखायला लागलं पहाटे पावणेसहाला. मग पाणी तापवणं आलं, न्हाणं आलं, वेणी आली, इस्त्री आली. घर सोडलं तेव्हा सव्वाआठ झाले होते. इस्पितळात आई आपल्या पायांनी चालत गेली, खुर्चीच्या टोकावर ताठ बसली आणि किती दुखतंय विचारल्यावर, दहापैकी, म्हणाली, "दोन असेल." दहा म्हणायचं ते मरणाऱ्याने, असं तिला वाटे. मधलीची त्या दिवशी रजा होती. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर तिने फाइल पाहिली. आत लिहिलं होतं : 'चालत आल्या. नीटनेटक्या. त्रास जाणवत नाही. पित्त.'

"तू शिकलेली आहेस म्हणून तुला आमची रीत खुपते," दादा म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्याने, पण मान वळवली होती. "अशीच नेऊ तिला? घरच्या कपड्यांत? म्हणजे मग ते काय म्हणतील हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे."

"काय म्हणायचं ते म्हणू देत."

"तुला रोज त्यांच्यात वावरायचंय. उद्या आईवरून तुझ्या साहेबांशी तोंड वाजवलंस तर नोकरी कुणाची जाणार?"

ते खरं होतं, आणि ते मधलीलाही माहीत होतं. तिला तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट आठवत होती, जी तिने घरात कुणाला सांगितली नव्हती. एका सकाळी पाठोपाठ दोन माणसांच्या पट्ट्या तिने काढल्या. दोघंही पन्नाशीचे, दोघांच्या छातीत सारखीच कळ, आणि पट्ट्या तर जुळ्या भावंडांसारख्या. एक शहरातला दुकानदार होता, त्याला स्ट्रेचरवरून तासाभरात वरच्या मजल्यावर नेलं, जिथे हातातून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात. दुसरा पलीकडचा बस कंडक्टर. त्याला गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हणाले. दोन्ही पट्ट्या मधलीच्याच हातून गेल्या होत्या. तिने नियम पाळला, तोंडातून शब्द काढला नाही. नवव्या दिवशी कंडक्टरची बायको मृत्यूचा दाखला घ्यायला खिडकीशी उभी होती.

त्याआधी मधलीही घरातल्या सगळ्यांसारखंच मानत होती, की आपल्या लोकांचं हृदयच नाजूक. बाबा गेले, काका गेले, तेव्हा डॉक्टर तेच म्हणाले होते, 'तुमच्यात असतंच हे.' जणू छातीत काच घालूनच देव पलीकडच्यांना पाठवतो. त्या दिवशी खिडकीतल्या बाईकडे बघताना तिला वाटलं, रक्त सगळ्यांचं तेच आहे. आपलं फक्त थांबायचं बाकडं लांब आहे. बाकड्याच्या त्या टोकापासून दारापर्यंत पोचता पोचता माणूस संपतो.

मामाला भांडणं आवडत नसत. तो रंगारी होता, घरं रंगवायचा, आणि ताणलं गेलेलं काहीही दिसलं की त्यावर विनोदाचा एक हात फिरवायचा.

"हे बघ ताई," तो आईला म्हणाला, "इस्त्री नको नि काही नको. मी तुला आधी अस्तर मारतो, मग पांढऱ्याचे दोन हात. वाळलीस की तुला थेट मोठ्या डॉक्टरकडे नेतील, वर चहा विचारतील."

आई हसली. मामाच्या विनोदाला ती लहानपणापासून हसत आली होती. पण हसू अर्ध्यात तुटलं. तोंड हसतं तसंच राहिलं आणि श्वास आलाच नाही. तिने तळहात छातीवर रोवला, जणू आत कुणीतरी दार ढकलतंय आणि ती ते बाहेरून धरून आहे.

मधली उठली आणि तिने इस्त्रीची वायर भिंतीतून ओढून काढली.

"तिला आत्ता न्यायचं, दादा. तू आलास तर ठीक, नाही आलास तरी मी नेणार."

दादा वहिनीकडे बघत राहिला. या घरात मधलीने काही म्हटलं की वहिनी दादाच्या बाजूला उभी राहते, हे ठरलेलं होतं. गेल्या वर्षी खोलीच्या वाटणीवरून दोघी चार महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. वहिनीने हातातले कपडे खाटेवर ठेवले.

"वन्सं म्हणतात तसंच करा," ती म्हणाली. मग दादाकडे न बघता पुढे बोलली, "गुरुवारी न्हाताना आई खाली बसल्या होत्या. डोळे फिरले होते. दोन-तीन मिनिटं हाक मारली तरी ओ देईनात. मला म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, तो घाबरतो. मी नाही सांगितलं. डॉक्टरलाही नाही सांगितलं. मी पुन्हा पाणी घालून त्यांची वेणी घातली."

दादा उठला. खाली वाकला आणि आईच्या पायांत त्याने चपला सरकवल्या. टाचेशी झिजलेल्या, घरातल्या.

"अशीच?" आई म्हणाली. केस मोकळे, बाहीवर सकाळी भांडी घासतानाचा डाग. मरणापेक्षा तिला तो डाग जास्त लागत होता.

"अशीच," दादा म्हणाला.

मामाच्या टेम्पोत मागे रंगाचे डबे होते, शिडी होती. आईला पुढे बसवलं. दादा, वहिनी आणि मधली मागे डब्यांमध्ये उकिडवे बसले. पूल ओलांडताना मधलीने वहिनीचा हात धरला. तो गरम होता, इस्त्रीसारखा.

इस्पितळात दादाचं म्हणणं खरं ठरलं, हे इथे सांगायलाच हवं. खिडकीमागच्या कारकुनाने आईच्या केसांकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं, खुर्ची तसूभर मागे घेतली आणि विचारलं, "पलीकडचे का?" मग हाताने बाकडं दाखवलं. गुरुवारी सजून आली तर बरी दिसली, आज तशीच आली तर कुणाच्याच खिजगणतीत नाही. आता तिसरं रूप कुठून आणायचं, ते मधलीला कळेना. तेवढ्यात कारकुनाने तिला ओळखलं. अहो तुम्ही, आज सुट्टी ना तुमची, म्हणत तो ओशाळला आणि त्याने आतलं दार उघडून दिलं. ते दार आपल्या आईसाठी नाही, आपल्या ओळखपत्रासाठी उघडलं, एवढं मधलीने मनात नोंदवलं आणि आत गेली.

ईसीजीच्या खोलीतला सहकारी जेवायला गेला होता. मधलीने स्वतःच आईला आडवं केलं. अकरा वर्षांत किती छात्यांवर तिने वायरी लावल्या असतील, पण या छातीशी आल्यावर बोटं आधी थबकली. आई छताकडे बघत होती. "थंड लागेल," मधली म्हणाली. "लागू दे," आई म्हणाली.

पट्टी सरसरत आली. ठोके ठीक होते, ताल ठीक होता. पण ठोक्यानंतर रेघ जिथे सपाट चालायला हवी, तिथे ती खाली बसत होती, ओझं घेतलेल्या माणसाच्या खांद्यासारखी. मधलीने फाइलमधून गुरुवारची पट्टी काढली; शुक्रवारी तिने फक्त शेरा वाचला होता, पट्टी उलगडली नव्हती. तिथेही ती किंचित बसली होती, बघायचंच ठरवलं असतं तर दिसण्याइतकी.

ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, सकाळपासून उभा होता. दुष्ट नव्हता, दमलेला होता. त्याने पट्टीवरून नजर फिरवली, आईकडे दारातूनच पाहिलं.

"फारसा फरक नाही," तो म्हणाला. "रक्त पाठवू. रिपोर्टला दोन-तीन तास लागतील, तोवर बाहेर बसू दे त्यांना. चेहरा चांगला आहे, पांढराबिंढरा पडलेला नाही."

इथे नेहमी मधली 'बरं सर' म्हणून निघायची. तिने दोन्ही पट्ट्या टेबलावर एकाखाली एक ठेवल्या आणि बोट टेकवलं.

"इथे बघा. आणि इथे. गुरुवारपेक्षा खाली गेलंय."

डॉक्टरने मान वर केली. "तुम्ही टेक्निशियन ना?"

"हो. आणि ती माझी आई आहे. पांढरं पडणं आमच्या काळ्या चेहऱ्यावर दिसत नाही, सर. खालची पापणी ओढून बघावी लागते. ओठ आतून बघावा लागतो. गुरुवारी ती बेशुद्ध झाली होती, ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही. तिला दोन म्हणायची सवय आहे. दोन म्हणाली तर नऊ समजा."

"बाई, आपण प्रोटोकॉलने..."

"मग एवढं लिहा, सर. एक वाजून पंचवीस मिनिटांनी नातेवाइकांनी हृदयाच्या डॉक्टरांना बोलवा म्हणून सांगितलं, आणि डॉक्टरांनी गरज नाही असं ठरवलं. खाली सही करा. मी जाऊन बाकड्यावर बसते."

दारात दादा उभा होता. तो आत आला नाही, पण हललाही नाही.

डॉक्टरने पेन उचललं. लिहायला वाकला, थांबला, पेन खाली ठेवून उठला. आईजवळ जाऊन त्याने अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली. आत जिथे लाल असायला हवं तिथे धुतलेल्या कापडाचा रंग होता. त्याने तिच्या कपाळाला हात लावला, तळवा घामाने ओला झाला. त्याने पुन्हा दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या आणि या वेळी त्या वाचल्या. मग फोन उचलला.

पुढचं भराभर झालं. स्ट्रेचर आलं. हृदयविकाराच्या मोठ्या डॉक्टरीणबाई घरून आल्या. आईला वर नेलं, आणि बाकीच्यांना तेच बाकडं उरलं. मामाला एकही विनोद सुचला नाही. तो नखांतला वाळलेला रंग काढत बसला. वहिनीने आईच्या चपला मांडीवर घेतल्या होत्या. मधलीला वाटत होतं, दादा आता नोकरीचं काढेल. तो फक्त एवढंच म्हणाला, "पापणीचं मला माहीत नव्हतं," आणि थोड्या वेळाने वहिनीची पापणी ओढून बघितली. वहिनीने बघू दिली.

साडेचारला डॉक्टरीणबाई आल्या. नजरेला नजर देऊन बोलणाऱ्या, स्वच्छ आवाजाच्या. एक रक्तवाहिनी जवळजवळ पूर्ण बंद होती, ती उघडली, स्टेंट घातला. जिवावरचं टळलं आहे. मात्र हृदयाच्या भिंतीचा एक भाग हलत नाही, तो बहुधा परत यायचा नाही. जिने चढता येणार नाहीत, जड उचलता येणार नाही, गोळ्या कायमच्या. "पण नशीब समजा," त्या म्हणाल्या, "वेळेवर आणलंत."

दादा उठून उभा राहिला. शहरातल्या कुठल्याही टेबलासमोर तो हात बांधून उभा राहायचा, तसाच आताही राहिला. आवाजही तोच, हळू, अदबीचा.

"गुरुवारीही वेळेवर आणलं होतं, बाई."

डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली. मागचं पान वाचलं, गुरुवारची पट्टी उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली.

"जो भाग गेला," दादाने विचारलं, "तो गुरुवारी किती जिवंत होता?"

त्यांना टाळता आलं असतं. नक्की सांगता येत नाही, प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, अशी वाक्यं मधलीने याच बोळात पुष्कळ ऐकली होती. बाईंनी फाइल मिटली.

"बहुतेक सगळा होता," त्या म्हणाल्या.

दादाने मान हलवली. आभार मानले. मग विचारलं, आत दोघांना सोडाल का, आणि मधलीला म्हणाला, तूही चल.

आई उशीवर होती, हाताला पट्टा बांधलेला, डोळे उघडे. शेजारच्या यंत्रावर हिरवी रेघ चालत होती आणि मधलीने ती आधी बघितली, मग आईला. आईने दादाला विचारलं, कसं काय आहे सगळं. या प्रश्नाला घरातलं उत्तर एकच असे. बाबांना शेवटच्या दिवशीही दादाने तेच दिलं होतं, अगदी ठीक आहे, काळजी करू नका.

"वाचलीस," दादा म्हणाला. "पण हृदयाचा एक कोपरा गेला, आई."

आईने मोकळ्या हाताने चादरीची सुरकुती सपाट केली. मग म्हणाली, "आपल्यात असतंच ते."

"नाही," दादा म्हणाला. "आपल्यात नसतं."

"मग कशाने गेला?"

दादाने मधलीकडे पाहिलं. तिने काही खूण केली नाही. त्याने कोपऱ्यातली खुर्ची उचलून खाटेजवळ आणली, आईच्या कानाशी तोंड जाईल इतकी जवळ, आणि गुरुवारच्या पहाटे पावणेसहापासून तिला सांगायला सुरुवात केली.